राखाडी घुबड, पांढरे उंदीर

पाणथळ उद्यानात येणारे लोक तिला पाठीमागे शिट्टीबाई म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता. गळ्यात शिट्टी अडकवून दिवसभर फुंकत हिंडणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? राग होता तो फुंकावी लागते याचा. पायवाट चांगली रुंद, फळ्यांची होती. दोन्ही बाजूंना कठडा होता. ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी पाट्यांवर चित्रंही काढलेली होती. तरीही चांगली शिकलीसवरलेली माणसं कठड्यावरून तंगडी टाकून लव्हाळ्यात उतरत, आणि तिने हटकलं की जणू तिच्याच घरचं काही मागतोय अशा अजिजीने म्हणत, “एकच फोटो, बाई. फक्त एकच.” आणि मग तो एकच फोटो कडकडकडकड करत संपता संपत नसे.

त्या हिवाळ्यात तर तिच्या नाकी नऊ आले, कारण उद्यानात घुबड आलं.

साधंसुधं घुबड असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. हे होतं मोठं राखाडी घुबड, एरवी कितीतरी उत्तरेच्या घनदाट जंगलात राहणारं. तिकडे खायला कमी पडलं की एखादा पक्षी असा खाली उतरतो. मांजरापेक्षा मोठं, तोंड ताटाएवढं गोल आणि त्यावर एकात एक वर्तुळं, मधे दोन पिवळे डोळे, हनुवटीखाली गळपट्टा बांधल्यासारखी पांढरी रेघ. ते भरदिवसा शिकार करी. तळं गोठलेलं होतं, सगळीकडे बर्फ होता, आणि ते पूर्वेच्या काठावरच्या भूर्जाच्या झाडावर बसून बर्फाखाली धावणाऱ्या रानउंदरांची खसखस ऐके. मग आवाज न करता तरंगत खाली येई, पाय बर्फात खुपसे आणि तोंडात उंदीर घेऊन वर जाई. पहिल्या दिवशी तिने एकटीने हे पाहिलं तेव्हा ती थंडी विसरून उभीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी बातमी फुटली. त्यानंतर रोज गाड्याच गाड्या. तोफेएवढ्या लेन्स, कॅमेऱ्याची तिकाटणी, घड्या होणाऱ्या खुर्च्या, गरम पाण्याच्या बाटल्या. तिने झाडापासून लांब दोरी बांधली. लोक दोरीला पोट लावून उभे राहत, आणि पोट हळूहळू पुढे सरके तशी दोरीही सरके.

त्या गर्दीत तिचा नवराही असे.

पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्याने सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली होती. दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे आणि केसभर कमीजास्त असेल तर बाजूला टाकायचे. निवृत्त झाल्यावर तो खिडकीपाशी बसून राहायला लागला. काय झालं विचारलं तर “काही नाही” म्हणे, आणि दिवसभर तेच एक उत्तर देई. तिला धास्ती वाटायला लागली होती. मग लेकीने वाढदिवसाला कॅमेरा पाठवला, तो पक्षी टिपणाऱ्यांच्या क्लबात जायला लागला, आणि माणूस पालटला. सकाळी उठून स्वतःचे बूट स्वतः पुसू लागला. जेवताना प्रकाश, वेग आणि पार्श्वभूमी यावर बोलू लागला. तिला त्यातलं अर्धं कळत नसे आणि उरलेल्या अर्ध्याचा कंटाळा येई, पण ऐकून घेताना तिला हायसं वाटे.

वरच्या मजल्यावर तिची नणंद राहायची. भावाचा प्रत्येक फोटो बघून ती म्हणे, “दादाच्या हातात जादू आहे हो, वहिनी. आमच्या घराण्यातच आहे ते.” त्यांच्या घराण्यात याआधी कुणी कॅमेऱ्याला हातही लावलेला नव्हता.

एका सकाळी, लोक यायच्या आधी, ती भूर्जाखाली गेली. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस आणि हाडं यांचा घट्ट गोळा करून ओकून टाकतं. असे गोळे उचलून फोडून पाहायचे, म्हणजे पक्षी काय खातोय, पोटभर खातोय का, हे समजतं. ते तिचं रोजचंच काम होतं. आजवरचे सगळे गोळे काळपट-तपकिरी निघाले होते. आजच्या गोळ्यात मात्र पांढऱ्या केसांचा पुंजका होता. तिने हातमोजा काढून तो बोटांत चोळून पाहिला. दुसरा गोळा फोडला. त्यातही पांढरे केस होते.

त्या सबंध दलदलीत पांढरा उंदीर नव्हता. पांढरे उंदीर पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिंजऱ्यात मिळतात.

ती तशीच तरातरा माहिती केंद्रात गेली आणि दोन्ही गोळे केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ठेवले. साहेब नाश्ता करत होते. त्यांनी बशी जवळ ओढून घेतली.

“कुणीतरी त्याला विकतचे उंदीर घालतंय, साहेब. फोटोसाठी. उंदीर समोर सोडायचा, म्हणजे ते थेट कॅमेऱ्याच्या अंगावर येतं.”

“कशावरून?”

“हे केस बघा ना.”

“केस दिसतायत. पण घालणारा दिसला का कुणी?”

“नाही.”

“मग आपण कुणाला काय बोलणार?” साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. गाड्यांची जागा आत्ताच भरत आली होती. “आणि हे बघा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक हिवाळ्यात येतायत. उगाच वातावरण बिघडवू नका.”

“लावून दिलेली सवय सुटत नाही, साहेब. उद्या ते माणूस दिसला की खाली उतरायला लागेल.”

“तुम्ही लक्ष ठेवा,” साहेब म्हणाले. म्हणजे विषय संपला.

संध्याकाळी जेवताना तिने सगळा राग ताटावर काढला. नणंदही जेवायला खाली आली होती.

“पण वहिनी,” ती म्हणाली, “बिचाऱ्या पाखराला थंडीत आयतं मिळालं तर बिघडलं कुठे?”

“अहो वन्सं, ते उपाशी नाही. बर्फाखाली उंदरांचा सुकाळ आहे. ते स्वतः मिळवून खातंय. आयतं मिळालं की ते माणसाच्या मागे लागेल, गाड्यांच्या मधे येईल. असं करणाऱ्या माणसाला ना, मी...”

“कॅमेराच जप्त करायला हवा अशांचा,” नवरा एकदम म्हणाला. “काढून घ्यायचा आणि परत द्यायचाच नाही. लाज नाही लोकांना.” आणि त्याने भाजीचं भांडं पुढे केलं. “घे, तू काही घेतलंच नाहीस.”

तिला बरं वाटलं. निदान घरात तरी कुणी आपल्या बाजूने बोलतंय, असं वाटलं.

त्या आठवड्यात शहरबसचा चालक तणतणत केंद्रात शिरला. बस त्याने रस्त्यातच उभी केली होती आणि आतले प्रवासी काचेला नाक लावून बघत होते.

“ते तुमचं घुबड,” तो म्हणाला, “माझ्या काचेसमोरून गेलं. एवढ्या उंचीवरून!” त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “आज ब्रेक लागला. रस्त्यावर बर्फ आहे, उद्या लागेलच असं नाही. मग मला बोल लावू नका.”

“रस्त्यावर कशाला येईल ते?” ती म्हणाली. “पलीकडे काय आहे?”

“मला काय माहीत? मी बस चालवतो. रोज दुपारी तिकडे जातं, एवढं मी बघितलंय.”

पलीकडे रस्तादुरुस्तीच्या खडी-वाळूचं आवार होतं. बर्फाने झाकलेले ढीग, एक पत्र्याची हिरवी शेड आणि मोडकं फाटक. उंदीर तर सोडाच, गवताची काडी नव्हती तिथे. ती जाऊन सगळं पाहून आली. बर्फात बुटांचे ठसे होते, पण तिथे कामगार येत-जात असत. बुटांवर काही नाव लिहिलेलं नसतं. ती परत आली आणि सबंध दुपार रस्त्याच्या कडेला उभी राहून गाड्यांना हळू जायच्या खुणा करत राहिली. चालक तिला हात करून निघून जात, तेवढ्याच वेगाने.

रविवारी क्लबाचं हिवाळी प्रदर्शन केंद्राच्या दालनात भरलं. साहेबांनी कोट घातला होता. नणंदेने ठेवणीतला स्वेटर काढला होता. मधल्या भिंतीवर, सगळ्यात मोठा, तिच्या नवऱ्याचा फोटो होता.

फोटो सुंदर होता, यात वादच नव्हता. घुबड समोरून येत होतं. पंख एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेले, पाय पुढे ताणलेले, नखं उघडी. बर्फाचे कण हवेत होते. लोक समोर येत आणि गप्प होत. मग साहेबांनी त्याचं नाव पुकारलं, आणि टाळ्या झाल्या, चांगल्या कडकडून. नवरा पुढे गेला, वाकला, आणि मान वर करताना त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. ती पण टाळ्या वाजवत होती.

वाजवता वाजवता तिची नजर घुबडाच्या डोळ्यांवर गेली. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. जरा खाली बघत होतं, फोटो काढणाऱ्याच्या पायांपुढे. आणि मागे जी पुसट हिरवी पट्टी लोकांना झाडी वाटत होती, ती झाडी नव्हती. या दिवसांत त्या दलदलीत हिरवं झाड कुठून येणार? ती पत्र्याची शेड होती.

तिचे हात थांबले.

“वहिनी, रडू येतंय हो मला,” नणंद शेजारून म्हणाली आणि खरंच डोळे पुसू लागली.

“हो,” ती म्हणाली. “मलाही.”

तिथे ती काही बोलली नाही. चार लोकांत त्याची शोभा करावी, इतकं तिचं मन घट्ट झालं नाही, आणि तेवढ्यासाठी घरी येईपर्यंत ती स्वतःवरच चिडत राहिली. घरी आल्यावर कोटही न काढता ती मागच्या अंगणातल्या अडगळीच्या खोलीत गेली. रंगाच्या डब्यांमागे, जुन्या ब्लँकेटखाली, पिंजरा होता. लाकडाच्या भुश्यात पांढरे उंदीर एकमेकांना बिलगून झोपलेले होते. त्यांना थंडी वाजू नये म्हणून त्याने गरम पाण्याची पिशवी ठेवलेली होती. ती पिशवी बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो!” तिने हाक मारली.

तो दारात आला. पिंजरा बघितला, तिला बघितलं.

“अगं, मी सांगणारच होतो.”

“कधी? कॅमेरा जप्त झाल्यावर?”

“हळू बोल. वर तुझ्या वन्सं आहेत.”

“ऐकू दे त्यांना! घराण्यातच आहे ना ते!” “माझ्यासमोर बसून, माझ्या हातचं खाऊन, लाज नाही लोकांना म्हणालात. तुमची जीभ कशी वळली?”

“मी काय मारलं का त्याला? खायलाच घातलं ना?”

“रस्त्यापलीकडे नेऊन घातलंत. कुणी बघू नये म्हणून. ते बसच्या पुढ्यातून जातंय तुमच्या उंदरासाठी!”

तो उंबऱ्यावर टेकला.

“दोरीमागून सगळ्यांचा फोटो सारखाच येतो,” तो मग म्हणाला. “तेच झाड, तीच फांदी, तेच तोंड. मला वाटलं, एक तरी वेगळा... आयुष्यभर मी दुसऱ्याच्या चुका काढल्या, गं. मला बघितलं की लोकांचे चेहरे पडायचे. आज पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या.”

तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून अधिकच संताप आला. नीट भांडूही देत नाही हा माणूस, असं तिला झालं.

“उद्यापासून बंद,” ती म्हणाली.

“बंद,” तो म्हणाला.

त्याने शब्द पाळला, पण झालं उलटंच. त्याच्या बंद होण्याची घुबडाला काय कल्पना? दुपार झाली की ते रस्ता ओलांडून त्या मोडक्या फाटकावर जाऊन बसे आणि वाट बघे. उंदीर येईना, तर ते खाली उतरून शेडपाशी चालत हिंडे. कोणी नवऱ्यासारखा हिरवा कोट घालून रस्त्याने चालला की त्याच्या डोक्यावरून घिरट्या घाली. एका बाईने किंचाळून हातातली पिशवी फेकून मारली. बर्फाखालची शिकार त्याने सोडून दिली नव्हती, पण दुपारची वेळ ते चुकवत नसे.

ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. सबंध वाटेत तिने वाक्य जुळवलं होतं आणि तोंडातून ते फार झटकन बाहेर पडलं.

“ते उंदीर माझ्या नवऱ्याने घातले, साहेब.”

साहेबांनी दार लोटून घेतलं. “हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“नाही.”

“मग सांगूही नका. प्रदर्शन अजून चालू आहे.”

“आणि घुबड?”

“घुबड पकडून लांब सोडू. मी कडीवाल्या बाईंना बोलावतो.”

कडीवाली बाई म्हणजे पक्ष्यांना पकडून त्यांच्या पायात नंबरची कडी अडकवून सोडणारी संशोधिका. गोठवणाऱ्या थंडीतही उघड्या हाताने काम करणारी, कमी बोलणारी बाई. तिने उंच दांड्याचं हातजाळं आणलं, आमिषाचा उंदीर आणला, भूर्जापाशी प्रयत्न केला. दोरीमागून लोक सल्ले देत होते, “डावीकडून, बाई, डावीकडून!” घुबडाने तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. फाटकापाशी प्रयत्न केला तर ते शेडच्या छपरावर जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तिने जाळं भिंतीला टेकवलं.

“याला कुणीतरी पद्धतशीर सवय लावलीय,” ती म्हणाली. “ठरावीक माणूस, ठरावीक कपडे, ठरावीक खूण. मी काही तो माणूस नाही. तो आणा.”

साहेब स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. शिट्टीबाईने फोन काढला. ज्या कामासाठी नवऱ्याशी अबोला धरला होता, तेच काम करायला त्याला बोलवायचं होतं.

“या,” ती फोनवर म्हणाली. “तो कोट घालून या. आणि ते घेऊन या.”

“काय घेऊन?”

“काय ते तुम्हाला माहीत आहे!”

तो आला. मान खाली, बगलेत पुठ्ठ्याचं खोकं. दोन्ही बाजूंनी रस्ता थांबवला होता. बसचा चालक खाली उतरून हाताची घडी घालून उभा होता, जणू हे सगळं त्याच्या समाधानासाठी चाललंय. कडीवाली बाई खडीच्या ढिगामागे जाळं घेऊन दबा धरून बसली. नवरा शेडसमोर उकिडवा बसला आणि खोक्याच्या झाकणावर त्याने नखाने टकटक केलं.

फार मोठा आवाज नव्हता तो. तिला जेमतेम ऐकू आला. पण रस्त्यापलीकडे, तळ्याच्या त्या टोकाला, भूर्जावरचं ताटाएवढं तोंड वळलं. मग घुबड फांदी सोडून निघालं. लव्हाळ्यावरून, कठड्यावरून, थांबलेल्या बसच्या पुढून, जमिनीलगत, पिसाचाही आवाज न करता ते येत राहिलं, सरळ त्याच्याकडे. इतक्या भरवशाने येत होतं की तिने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा जाळं पडलेलं होतं.

कडीवाल्या बाईने सराईतपणे पाय धरून त्याला बाहेर काढलं, पंख मिटवले, छातीचं हाड चाचपलं. “तब्येत उत्तम आहे,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, “जरा धरा. असे दोन्ही पाय, घट्ट. मला कडी घालू द्या.”

त्याने धरलं. घुबडाने चोच आपटून टकटक आवाज केला. पिवळे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते.

“एवढं हलकं?” तो म्हणाला.

“पिसंच असतात सगळी,” कडीवाली बाई म्हणाली.

“हे थरथरतंय, गं,” तो बायकोला म्हणाला. “घाबरलंय मला.”

“आत्ता घाबरलंय,” ती म्हणाली. “बरं झालं. आधीच घाबरायला हवं होतं.”

नवऱ्याच्या नाकाचं पाणी ओठावर आलं होतं आणि हात गुंतलेले असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. तिने पुसलं नाही. नंतर कितीतरी दिवस तिला ते आठवलं की अपराध्यासारखं वाटे, आणि मग, मला का वाटावं, असा राग येई.

घुबडाला खूप लांबच्या जंगलात नेऊन सोडलं. कडीवाल्या बाईचा निरोप आला की ते आधी उंच झाडावर बसलं आणि मग आत, झाडीत निघून गेलं. त्यापुढे काही कळायला मार्ग नव्हता. तिने पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. निरोप तोच.

आणि इकडे साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर तिच्या नवऱ्याचे आभार मानले. त्यांच्या मदतीशिवाय हे अवघड काम झालंच नसतं, म्हणाले. त्याला स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट दिलं. पुन्हा टाळ्या झाल्या. भिंतीवरचा फोटो तसाच होता. “तो तर आता उद्यानाच्या पोस्टरसाठी छापायला गेला,” साहेब तिला हळूच म्हणाले, जणू तिला आनंद व्हावा.

घरी तिने ते जाकीट खुंटीवरून काढून खुर्चीवर आपटलं.

“हे घालून मिरवणार असाल तर आधी क्लबात जा आणि उभे राहून सांगा.”

“काय सांगू?”

“काय केलंत ते. पांढरे उंदीर, खडीचं आवार, सगळं. नुसतं ‘काही चुका झाल्या’ असं गुळमुळीत नाही. चुका होत नाहीत, अहो, कुणीतरी करतं. ‘मी केलं’ म्हणा.”

तो बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला. रविवारी क्लबाच्या दुपारच्या बैठकीला गेला. ती घरी भांडी घासत राहिली, घासलेली पुन्हा घासली. नणंद खाली येऊन म्हणाली, “दादाला कशाला एवढं छळता, वहिनी? जाऊ द्या की आता.” तिने पुढचं पातेलं घासायला घेतलं. नणंदेने फडकं घेतलं आणि मुकाट्याने भांडी पुसू लागली.

तो अपेक्षेपेक्षा लवकर परत आला. टोपी हातातच होती, आणि चेहरा असा होता की तिने नळ बंद केला.

“बोललात?”

“बोललो. सगळं बोललो. मी केलं म्हणालो. बसची गोष्ट सांगितली, ते कसं थरथरत होतं ते सांगितलं. फोटो उतरवा म्हणालो.”

“मग? चिडले?”

“कोणी चिडलं नाही.” तो खुर्चीत बसला. “एक जण म्हणाला, एवढं मनाला लावून घेऊ नका, सगळेच करतात. दुसरा म्हणाला, फोटो उतरवायचा प्रश्नच नाही. मी खाली बसलो. मग मागून अध्यक्ष आले, माझ्या कानाशी वाकले...” त्याला पुढचं सांगवेना.

“काय म्हणाले?”

“उंदीर कुठल्या दुकानातून आणता, म्हणाले.”

नणंदेच्या हातातलं फडकं थांबलं.

“अरे, मी सांगतोय काय आणि हे विचारतायत काय!” तो एकदम ओरडला आणि टेबलावर हात आपटला. तिने त्याला असा कधीच बघितला नव्हता. कारखान्यात लोक ज्याला घाबरत तो बहुधा हा होता. “डोळे आहेत, लेन्स आहेत, आणि एकालाही दिसत नाही! तू हे रोज कसं सहन करतेस?”

“कोण म्हणालं मी सहन करते?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो जाकीट घालून तिच्याबरोबर उद्यानात आला. कॅमेरा घरी ठेवला होता. तिने नको म्हटलं नाही, या पण म्हटलं नाही. दोघं फळ्यांवरून चालत राहिले. तळ्याच्या मधोमध, झऱ्यामुळे न गोठलेल्या पाण्यात, बदकं दाटीवाटीने बसली होती, पंखांत चोची खुपसून. ऊन छान पडलं होतं. भेटणारे लोक विचारत होते, घुबड कुठे, आणि ती सांगत होती, गेलं, आणि ते तिच्याकडे असे बघत होते, जणू तिनेच ते खिशात लपवलंय.

वळणावर एक जण कठडा ओलांडून खाली उतरला होता. बर्फात गुडघे टेकून, तिकाटणं रोवून, बदकांच्या दिशेने पुढे पुढे सरकत होता.

“ओ साहेब!” नवरा गरजला. “पाटी वाचता येत नाही का? वर या आधी! वर या म्हणतो ना!”

“अहो, हळू,” ती म्हणेपर्यंत उशीर झाला होता. सगळ्याच्या सगळ्या बदकांनी एकदम माना वर काढल्या आणि ती पाणी फोडून उडाली. पंखांचा सडसडाट झाला. काळा-पांढरा-करडा थवा उन्हात वर चढला, एक वळसा घेतला, आणि खाली गुडघ्यावर बसलेल्या त्या माणसाच्या अगदी डोक्यावरून गेला.

कडकडकडकड, कॅमेरा वाजत राहिला.

मग तो माणूस उठला, बर्फ झटकला, आणि हसत हसत कठड्यापाशी आला. “थँक्यू हं, काका,” तो म्हणाला. “सकाळपासून बसलोय, उडतच नव्हती.”

नवऱ्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याने बायकोकडे बघितलं. ती त्या माणसाला हात देऊन वर ओढून घेत होती, कारण फळ्या निसरड्या होत्या आणि पडला असता तर तेही तिलाच निस्तरावं लागलं असतं.